नातवाचे लंगोट आणि व्याह्यांचे दुकान

घरात तान्हे मूल आले, की धुण्याचे ढीग आणि किश्श्यांचे ढीग एकाच वेगाने वाढू लागतात. धुणे निदान दुपारपर्यंत दोरीवर जाते; किस्से मात्र घरातच साठतात आणि आल्यागेल्याला चहाबरोबर वाढावे लागतात. माझ्या मुलीचे, आसावरीचे बाळंतपण गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात माझ्याकडे झाले. तेव्हापासून आम्हां निवृत्त शिक्षिकांच्या मंडळात दुसरा विषयच निघालेला नाही. ज्यांनी हे किस्से ऐकले आहेत त्यांनी पुन्हा ऐकावेत. उजळणीने कुणाचे नुकसान झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

*

बाळ घरी आले त्याच दिवशी गडहिंग्लजहून एसटीने एक खोके आले. एवढे मोठे, की रिक्षावाल्याने ते आत आणताना फ्रीज कुठे ठेवायचा असे विचारले. आत डायपर होते. आसावरीच्या सासऱ्यांचे, म्हणजे आमच्या व्याह्यांचे, गडहिंग्लजला जनरल स्टोअर्स आहे. सारे गाव त्यांना अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. पाठोपाठ त्यांचा फोन आला. नातवाला काही कमी पडू द्यायचे नाही, असे त्यांनी बजावले. "संपलं की नुसतं सांगायचं. दुकान आपलंच हाय."

फोन ठेवला आणि आसावरीने शांतपणे जाहीर केले, की बाळाला हे घालायचे नाहीत. तिने आधीच कापडी डायपर मागवून ठेवले होते. रंगीत, बटणांचे, आत घड्या घालायच्या पट्ट्यांचे. फेकलेला एक डायपर मातीत मिसळायला बाळाचे सगळे आयुष्य पुरणार नाही, असे तिचे म्हणणे.

मी कडाडून विरोध केला. दोन मुलांचे लंगोट धुऊन, वाळत घालून, मगच मी शाळेची पहिली घंटा गाठत असे. त्या कामात काव्य आहे असे म्हणणाऱ्याने ते केलेले नसते. शिवाय दिवाळीनंतर आसावरी बाळाला घेऊन काही महिने सासरी राहणार होती. ज्या घरात डायपर विकले जातात, त्याच घराच्या अंगणात लंगोट वाळत घालायचे? अण्णांनी तर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून ठेवले होते, की आमचा नातूसुद्धा हेच वापरतो.

"अण्णांना मी स्वतः सांगेन," आसावरी म्हणाली. "बारशाला. तोवर कुणी बोलायचं नाही."

तिचा चेहरा मी ओळखते. तो तिने माझ्याकडूनच घेतला आहे. खोके पलंगाखाली गेले.

*

खोटे बोलायचे नाही, हा नियम मी जन्मभर वर्गाला शिकवला. आता अण्णांचा एक दिवसाआड फोन येई. डायपर कसे आहेत, असे ते विचारत. मी म्हणे, "व्यवस्थित आहेत." गळतात का? "एक थेंबही नाही." बाळाला काही त्रास? "त्यांच्यापासून मुळीच नाही."

एकही वाक्य असत्य नव्हते. आमचे हे मात्र प्रत्येक फोननंतर माझ्याकडे बघून हात जोडत. "तू शिक्षणखात्यात उगाच गेलीस," ते म्हणाले. "वकिली करायची होतीस."

*

कापडी डायपर धुण्याचे काम यांनी हौसेने मागून घेतले. वीजमंडळातून निवृत्त झालेल्या माणसाला बटणे दिसली, की हात शिवशिवतात. पहिल्या धुण्यात त्यांनी कपडे मऊ करणारे सुगंधी औषध झाकणभर जास्तच ओतले. डायपर असे मऊ झाले आणि असे दरवळले, की शेजारच्या घरातून विचारणा झाली.

दुपारी बाळाने आपले काम केले आणि सगळे पाणी अळूच्या पानावरून ओघळावे तसे ओघळून गादीत गेले. दुसरा घातला, तोही कोरडा तो कोरडाच. त्या औषधाने कापडावर तुकतुकीत थर धरला होता. डायपर काही शोषूनच घेईनात. सगळे पुन्हा कढत पाण्यात घालून, खळखळून धुवावे लागले.

मी बरेच बोलले. हे सगळे ऐकून घेऊन यांनी ओल्या गादीशी नाक नेले. "वास तरी चांगला येतोय की."

*

ते डायपर वाळेपर्यंत बाळाला जुन्या सुती साडीचे लंगोट बांधू लागलो. मी बांधलेला लंगोट सुटे, आसावरीने बांधलेला घसरे. अशात गल्लीतल्या तालमीचे वस्ताद बाळ बघायला आले. उमेदीत त्यांनी भल्याभल्यांना चीत केलेले. आता पोरांना तयार करतात. त्यांनी तालमीची चिमूटभर लाल माती बाळाच्या कपाळाला लावली, खाली बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या. हा पैलवान पहिल्याच डावात उघडा पडेल, असे त्यांचे मत पडले. मग स्वतः मांडी घालून बसले, मारुतीचे नाव घेतले आणि आमच्या नातवाला तालमीच्या पद्धतीने लंगोट चढवला.

तो घसरला नाही. सुटलाही नाही. बाळाने आतल्या आत सर्व काही उरकले, तरी सुटेना. मी प्रयत्न केला, यांनी चष्मा लावून केला. बाळ टाहो फोडू लागले. आसावरी कात्री घेऊन आली, तर हे आडवे आले. वस्तादांनी बांधलेला लंगोट कापायचा म्हणजे गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही म्हणाले. शेवटी हेच तालमीत धावले. वस्ताद आले, दोन बोटांनी एक टोक ओढले आणि लंगोट हातात आला.

गाठ जरा सैल बांधायला हवी होती, असे मी स्पष्टच सांगितले.

"बाई," ते गंभीरपणे म्हणाले, "कुस्ती निकाली झाल्याबिगर लंगोट सुटत न्हाय."

*

पुढे पावसाची अशी झड लागली, की दोरीवरचे कापड सकाळी जेवढे ओले तेवढेच संध्याकाळी. घरातल्या घरात दोऱ्या बांधल्या. तेवढ्याने भागेना, तेव्हा मला आईची युक्ती आठवली: बांबूचे मोठे डालगे उपडे घालायचे, खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि डालग्यावर लंगोट पसरायचे. निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकले, की धुरीही होते.

हे आणि मी डालगे घ्यायला बाजारात गेलो. बुरुडाने विचारले, कोंबड्या किती आहेत? कोंबडी एकही नाही, घरात लहान नातू आहे म्हणून हवे, असे मी पूर्ण वाक्यात सांगितले. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मागून सर्वांत मोठे डालगे काढले आणि आवाज खाली आणून यांना म्हणाला, "पावणं, ह्यात श्वास चांगला घेता येतोय. पर वर दगड ठिवू नका."

*

माझा एक जुना विद्यार्थी, आता मोठा पोलीस अधिकारी, बाळाला बघायला आला. इस्त्रीचा गणवेश, खांद्यावर चकाकते तारे. हॉलमध्ये जी एक खुर्ची मोकळी होती ती दिली. तिच्या वरच दोरी होती. मी त्याच्या बदलीची, मुलांची, अक्षराची चौकशी करत होते. तो ताठ बसून उत्तरे देत होता. मध्येच तो डोळे मिटत असे. मला वाटले, ड्यूटीचा थकवा असेल.

चहा आला तेव्हा कळले. वरच्या ओल्या पट्टीतून थेंब थेंब पाणी त्याच्या डोक्यावर पडत होते आणि कानामागून कॉलरमध्ये जात होते. धुतलेले पाणी होते, ही बाब मी येथे स्पष्ट करते. साऱ्या तालुक्यावर दरारा असलेल्या त्या माणसाने मग उजव्या हाताचे एक बोट वर केले.

"बाई, जागा बदलू का?"

*

अण्णांना नातू बघायची हुक्की आली, की ते व्हिडिओ कॉल करत. त्या वेळी आम्ही फोन अशा कोनात धरत असू, की दोऱ्या दिसू नयेत. एकदा फोन यांच्या हातात होता. आणि मागे लाल, पिवळे, निळे डायपर ओळीने पंख्याच्या वाऱ्यावर हलत होते.

अण्णांनी लगेच हेरले. या पताका कसल्या लावल्या आहेत, असे त्यांनी विचारले. हे क्षणभरही न अडखळता म्हणाले, "गणपतीची तयारी."

तेव्हा आषाढ चालू होता.

"कोल्हापूरकरांचं कायम पुढंच असतंय," अण्णा म्हणाले.

*

बारसे आम्ही सव्वा महिन्यानंतर ठेवले. आदल्या दिवशी विहीणबाई एकट्याच एसटीने आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. बोलणे मोजके, नजर सगळीकडे. त्या येणार हे ठाऊक असूनही दोऱ्या काढायला वेळ मिळाला नव्हता. अक्का चपला काढून आत आल्या आणि थेट दोरीखाली उभ्या राहिल्या. एक लंगोट ओढून गालाला लावला, वास घेतला, बटणांचा एक डायपर उलटा करून शिवण पाहिली. आसावरी भिंतीला टेकून उभी. वर्गात पेपर तपासून परत मिळताना मुले जशी उभी राहतात, तशी.

"पोराची कातडी चांगली ऱ्हायल्या," अक्का म्हणाल्या. "अण्णांना सांगितलंय का?"

आसावरीने नकारार्थी मान हलवली. अक्कांनी सांगावे, असे मी सुचवून पाहिले. त्या नाही म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून दुकानातल्या मालाबद्दल त्यांनी कधी तोंड उघडले नव्हते आणि आता उघडणार नव्हत्या. "त्येंनी न्हाय म्हटलं तर मी बी हे कापडी घालू देणार न्हाय," त्यांनी आसावरीला सांगून टाकले. "घरात दोन मतं नकोत. काय ते उद्या तू बोल."

दुपारी आसावरी बाळाला थोपटत असताना तिचे डोळे भरलेले दिसले. मी व्यवहाराचा मार्ग काढला: कार्यक्रमापुरता एक दुकानातला डायपर घालू. अण्णा खूश होतील, बोलणे नंतर सावकाश होईल.

"आई, उद्या घातला तर गडहिंग्लजला रोज घालावा लागेल," ती म्हणाली. "मग मी कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

पलंगाखालचे खोके मी ओढून निम्मे बाहेर काढले होते; ते पुन्हा आत ढकलले.

*

बारशाच्या दिवशी पुन्हा पाऊस. कापडी डायपर सगळे ओले, म्हणून बाळाला साधा मऊ लंगोट. त्यावर जरीचे झबले. अण्णा आले ते परीटघडीचे पांढरेशुभ्र धोतर, सदरा आणि गुलाबी फेटा अशा थाटात. पाळण्याशेजारच्या खुर्चीत बसले आणि नातवाला मांडीवर घेतले. भोवती पाहुण्यांची गर्दी. अक्का आसावरीकडे बघत होत्या. आसावरीने पदर सावरला, अण्णांच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "अण्णा, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"गप जरा, पोरी," अण्णा म्हणाले. "ह्याचं चाललंय."

धोतरावर एक डाग उमटला. तो पसरत गुडघ्यापर्यंत गेला. मी पुढे झाले, दोन बायका हात पसरून धावल्या. अण्णांनी एक हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबवले. बाळाचे संपेपर्यंत ते हलले नाहीत. फेट्याचा तुरासुद्धा हलला नाही.

मग त्यांनी झबले किंचित उचलून पाहिले.

"पहिल्या दिवसापासून हेच," आसावरी म्हणाली. "तुमचं खोकं मी उघडलंच नाही."

अण्णा बाळाकडे बघत राहिले. त्यांचा थोरला नातू बेंगळूरला असतो. त्याला खेळवायला ते दुकान बंद करून, डायपरचे खोके घेऊन जात, महिना महिना राहत, हे आम्हांला माहीत होते.

"थोरल्याला एवढं खेळवलं," ते अखेर म्हणाले. "एकदा बी भिजवलं न्हाय त्यानं मला. पार्सल उचलल्यागत उचलायचं आणि पार्सल ठेवल्यागत ठेवायचं."

नाव ठेवून झाले, घुगऱ्या वाटल्या, पंगती बसल्या. अण्णा तेच धोतर नेसून पंगतीतून फिरत होते आणि ज्याने पाहिले नसेल त्याच्यासमोर जरा जास्त वेळ थांबत होते. अक्कांनी दुसरे धोतर पुढे केले, चार माणसांत हे बरे दिसत नाही म्हणाल्या.

"बदलतो की," अण्णा म्हणाले. "वाळल्यावर."

निघताना त्यांनी बाळाच्या हातावर नोट ठेवली, यांना नमस्कार केला, मला केला. पायरीवर छत्री उघडली, पुन्हा मिटली आणि आसावरीकडे वळले.

"आमच्या गच्चीवर ऊन दिवसभर ऱ्हातंय," ते म्हणाले. "दोरी बारीक बांधू का जाड?"