जाधवबाईंचा शिवणवर्ग

"आधी गुडघे मोडा, मग बोलू," असं म्हणून जाधवबाई आल्यागेल्याला जमिनीवर बसवायच्या. एकदा बँकेतले एक गृहस्थ कडक इस्त्रीच्या पँटीत आले आणि खुर्ची शोधू लागले. बाई म्हणाल्या, "खुर्चीत तुम्ही साहेबच राहाल. बाप व्हायचं तर खाली या." गृहस्थ बसले. त्या दिवशी त्यांच्या दत्तक मुलानं पहिल्यांदा त्यांच्या चष्म्याला हात लावला.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाई बालवाडीतून निवृत्त झालेल्या. नाशिकरोडला त्यांच्या दोन खोल्यांत दर रविवारी दत्तक मुलं आणि त्यांचे आईबाप खेळायला जमायचे. दारावर पाटी मात्र 'शिवणवर्ग'! घरात मशीन एकच, तेही पट्टा तुटलेलं. कारण आमच्या थोर समाजात दत्तक घेतलेलं लपवावं लागायचं. बायका पोटाला कापड बांधून माहेरी जाऊन राहायच्या. अरे, मूल आणलंय, दरोडा नाही घातला! मी तेव्हा बावीस वर्षांचा, खांद्याला पत्रकांची पिशवी. सतरंज्या घालायला जायचो आणि पाटी बदला म्हणून भांडायचो. "कार्यकर्त्या, घसा बसला की सांग, आलं घालून चहा देते," एवढंच बाई म्हणायच्या.

येवल्याहून शांताबाई यायची. पैठणी विणणाऱ्या घरातली. बरोबर पाच वर्षांची नंदा. आश्रमातून आणून सहा महिने झाले, तरी पोर तिला अंगाला हात लावू देत नव्हती. बाईंनी खेळ काढला: एकानं दुसऱ्याच्या पाठीवर बोटानं चित्र काढायचं, दुसऱ्यानं ओळखायचं. "पाठ आधी आईनं द्यायची," हा बाईंचा नियम. "विश्वास आधी मोठ्यांनी टाकावा. या पोरांनी बराच टाकून बघितलाय." कितीतरी रविवार नंदा शांताबाईच्या पाठीवर रेघोट्या ओढत राहिली. मग एकदा तिनं वेणी पुढं घेतली आणि आपली पाठ फिरवली. शांताबाईनं बोटानं मोर काढला. "कोंबडी!" नंदा ओरडली. सगळे हसले. शांताबाई हसता हसता रडली.

मी काय केलं? पत्रक काढलं. 'दत्तक म्हणजे चोरी नव्हे!' त्यात 'येवल्याचं एक विणकर जोडपं' आणि तो मोर. नाव नव्हतं, म्हणून मी स्वतःला शहाणा समजत होतो. येवल्याच्या एसटी स्टँडवर मीच ते वाटलं. पुढच्या रविवारी शांताबाई आली नाही. हळूहळू बाकीचेही येईनासे झाले.

बाई ओरडल्या नाहीत. पत्रक दोनदा वाचून म्हणाल्या, "खरं लिहिलंस. पण ही गोष्ट नंदाची. तिला विचारलंस?"

"पाच वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?"

"मग पत्रक वाटायचंही नाही."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन येवल्याला गेल्या. शांताबाई दारातच म्हणाली, "बाई, गल्लीत आम्ही भावाची पोर सांगितली व्हती. आता पोरं तिला आश्रमातली म्हणून चिडवतात. बोलतच नाय ती." नंदा मागाच्या आडोशाला बसली होती. मी शांताबाईची माफी मागू लागलो, तर बाईंनी हातानं थांबवलं. "तिची माग." मी खाली बसून म्हणालो, "नंदा, तुला न विचारता लिहिलं. चुकलो."

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "काय गं शांते, पोर आश्रमातली ना?"

शांताबाईनं एकदा नंदाकडं पाहिलं. "हो, आश्रमातली. माझी हाय. आजून काही विचारायचंय?"

नंदानं सरकत येऊन तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला.

त्या रविवारी दोघी आल्या. मागून आणखी काही आले. दोन कुटुंबं मात्र कधीच परतली नाहीत. त्यांची पोरं पुढं कुणाशी खेळली, मला माहीत नाही.

बाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी अजून पत्रकं काढतो, अजून भांडतो. हे लिहून झाल्यावर मात्र आधी येवल्याला त्या पोरीकडं गेलो. आता ती मागावर बसते. तिनं कागद वाचला, पेन मागितलं, आपलं खरं नाव खोडून 'नंदा' केलं आणि मधल्या दोन ओळींवर काट मारली. का, ते मी विचारलं नाही.