पाचव्या पराभवानंतर

"कोट्यातून डिग्री मिळाली की असंच होतं. पाण्याच्या बाटल्या भर. तेवढं जमेल तुला."

हे मला मराठीत ऐकवलं गेलं. बहरीनमध्ये, जनाबियाजवळच्या मैदानावर, सगळ्या संघासमोर. त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं. म्हणूनच ते मराठीत होतं.

बोलणारे आमच्या कॉलेजच्या संघाचे मॅनेजर. पुण्याचे. मी त्याच संघाची फिजिओथेरपिस्ट. खेळ अमेरिकन फुटबॉल. डोक्याला हेल्मेट, खांद्यांना पॅड, लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं. त्या दिवशी आम्ही ओळीने पाचवा सामना हरलो होतो. आणि मी यूसुफला अर्ध्यातून बाहेर बसवलं होतं.

यूसुफ आमचा मुख्य खेळाडू. त्याच्याच हातून चेंडू पुढे जायचा. दोघांनी त्याला पाडलं, डोकं जमिनीवर आपटलं. उठला, हसला. मग पाच मिनिटांत त्याने मला तीनदा विचारलं, "मिस, आज आपण कुणाशी खेळतोय?" मी त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि माझ्या पायांमध्ये धरून बसले. हेल्मेट नाही तर मैदान नाही.

त्यावर मॅनेजरांचं हे वाक्य.

आणि मी काय केलं? बाटल्या भरल्या. हे लिहितानाही लाज वाटते. खाली वाकून, एकेक करून, सगळ्या भरल्या.

नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच गृहस्थ खुर्चीतून उठले होते. "अरे वा, मराठी! कुठल्या तुम्ही?"

"चिपळूणजवळच्या गावातली."

"गावात कुठे?"

"बौद्धवाडी."

"अच्छा," म्हणाले. खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं. बाकी सगळे मला मिस म्हणायचे. अमेरिकन कोचसुद्धा. एकच माणूस मला तू म्हणायचा, आणि तो माझ्या भाषेतला.

मी ऐकून घेतलं. व्हिसा कॉलेजचा. आयुष्यभर एसटी डेपोत गाड्या धुणारे बाबा आता अंथरुणाला खिळलेले. आई फोनवर म्हणायची, "गप ऱ्हा बाय. नोकरी सांभाळ."

पण बाटल्या भरल्या त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. नईम वस्तीतल्या माझ्या खोलीत जीव गुदमरायचा. ड्यूटी संपली की गल्ल्यांमधून चालत सुटायचे. शिंप्यांची दुकानं, चहाची टपरी, मशीद, परत तीच दुकानं. मनात उत्तरं जुळवायची. सगळी उत्तरं चोख. सगळी उशिरा सुचलेली.

सहावा सामना यूसुफशिवाय खेळलो. हरलो.

सातवा शेवटचा. कॉलेजचे विश्वस्त येणार, खेळाडूंचे आईबाप येणार. आदल्या दिवशी सरावाच्या वेळी मॅनेजरांनी माझ्यापुढे कागद धरला. यूसुफ खेळायला फिट आहे. खाली माझं नाव छापलेलं.

"सही कर."

"सर, त्याला अजून उजेड सहन होत नाही. काल दोन फेऱ्या पळाला आणि ओकला."

"सही कर म्हटलं ना."

"नाही करणार."

ते हसले. कोच शेजारीच उभा होता, खेळाडू भोवती जमलेले. हसत हसतच, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "तुमच्या लोकांना जरा वर घेतलं की डोक्यावरच बसतात."

कोचने मला विचारलं, "काय म्हणाला?"

"नथिंग," मॅनेजर म्हणाले. "जस्ट अवर लँग्वेज."

अवर. आमची. आमची दोघांची भाषा! माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. 

मी इंग्रजीत सांगितलं ते काय म्हणाले. शब्दाला शब्द. मग पाचव्या सामन्यानंतर काय म्हणाले होते, तेही. 'तुमचे लोक' म्हणजे कोण, हे समजावायला वेळ लागला. वाडी म्हणजे काय, ती गावाबाहेर का असते. मी वेळ घेतला. मॅनेजर मध्ये दोनदा "एनफ" म्हणाले. मी थांबले नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोच बुटांकडे बघत राहिला. मग कुणीतरी म्हणालं, "यल्ला, चला, प्रॅक्टिस." सगळे पांगले. यूसुफ तेवढा माझ्याजवळ आला. रागाने लाल. "मिस, माझं शेवटचं वर्ष आहे. तुम्ही माझी मॅच घालवलीत."

तो खेळला नाही. सातवा सामनाही हरलो. सीझन खलास. खापर माझ्यावर. यूसुफ अजून माझ्याशी बोलत नाही. चालेल. तो चालतो, वाचतो, गाडी चालवतो. मला तेवढं पुरे.

मी लेखी तक्रार दिली. ऑफिसातल्या बाईंनी चहा मागवला. गोड आवाजात म्हणाल्या, "गैरसमज झाला असं लिहून द्या. कॉन्ट्रॅक्ट वाढवायला सोपं जाईल."

"गैरसमज झाला नाही," मी म्हटलं. "मला नीट समजलं. माझी मातृभाषा आहे ती."

चहा तसाच ठेवून उठले.

कॉन्ट्रॅक्टचे दोन महिने उरलेत. आईला सगळं सांगितलं.  ती रडली. मी फोन ठेवला नाही आणि तिची समजूतही घातली नाही.

हाकलतील तर हाकलतील. उरलेले दोन महिने मी मैदानावर मान वर करून उभी राहणार. ज्याच्या डोक्याला मार लागला, त्याला बसवणार, मग समोर कुणीही असो. आणि यापुढे कुणी माझ्या भाषेआड लपून मला शिवी दिली, तर तिथेच, त्याच क्षणी, सगळ्यांना कळेल अशा भाषेत ती मोठ्याने सांगणार. शब्दाला शब्द.