आधी बोट दाखव
लोकशाही पुण्यात कुठे भाड्याने राहत असेल, तर ती सदाशिव पेठेत आमच्या घरमालकीण काकूंकडेच राहत असणार, आणि तिलाही साडेनऊच्या आत घरी यावं लागत असणार.

काकूंच्या दोन खोल्यांत आम्ही परगावच्या चार मुली राहायचो. गरम पाणी सातपर्यंत, इस्त्री फक्त रविवारी, मैत्रिणी जिन्यापर्यंत, हे नियम पेठेत सगळीकडेच होते. पण मतदानाच्या आदल्या दिवशी भाडेकरूंना बाहेर काढून खोलीला कुलूप ठोकणारी मालकीण दुसरी नसावी. आमची नावं आपापल्या गावच्या यादीत. परीक्षा जवळ आलीय, एसटीला गर्दी असते, एका मताने काय होतंय, ही सगळी कारणं काकू डाळ निवडता निवडता शांतपणे ऐकून घेत आणि थालीपिठांचा डबा हातात देत. "ये जाऊन. बोटाला शाई दिसली की कुलूप काढते." मी पत्रकांवर वाढलेली. बाबांच्या चळवळीच्या पत्रकांना घड्या घालता घालता अक्षरं शिकले. एकदा त्वेषाने म्हणाले, "काकू, उभे राहिलेले सगळे सारखेच नालायक असले तर?" वर न बघता काकूंनी विचारलं, "मंडईत सगळी वांगी किडकी दिसली की उपाशी झोपतेस का? त्यातलं बरं बघून आणतेसच ना? नीघ आता, बस जाईल."

त्यांना फसवणं अशक्य होतं. आमच्यातल्या साताऱ्याच्या मुलीने मैत्रिणीच्या खोलीवर दिवस काढला आणि बोटाला जांभळा मार्कर लावून संध्याकाळऐवजी दुपारीच परत आली, हीच तिची घाई नडली. काकूंनी तिचं बोट कौतुकाने निरखलं, त्यावर लिंबाची अर्धी फोड चोळली आणि म्हणाल्या, "रंग छान आहे गं. सरकारचा नाही एवढंच." पुढच्या गाडीने ती साताऱ्याला रवाना झाली. डबा मात्र दुसऱ्यांदा भरून मिळाला.

पुढे शिक्षणं संपली. सोलापूरची रेश्मा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली, खराडीला राहायला गेली, तिथल्या यादीत नाव घालून आली. आम्ही उरलेल्या तिघींनीही पुण्यात नावं नोंदवली. काकूंना आता कुलूप लावायला कारण उरलं नव्हतं, म्हणून की काय, त्या बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. नेमकी त्याच सुमाराला निवडणूक आली. त्यांचं केंद्र शाळेच्या वरच्या मजल्यावर. चौकशीला गेले तर तिथले साहेब म्हणाले, "जिन्याला आम्ही काय करणार? उचलून आणा." ज्या माणसाने जन्मभर मत चुकवलं नाही, त्याच्या वाटेत सरकारने जिना घालावा! मी काकूंच्या घरी येऊन कागद ओढला. काकूंनी विचारलं, "काय लिहितेस?"

"पत्रक!"

"लिही, जरूर लिही. पण ते छापून होईपर्यंत मतदान उरकलेलं असेल. तोवर चार जणी जमव."

मतदानाच्या दिवशी दुपारी काकू इस्त्रीचं लुगडं नेसून दाराबाहेर लाकडी खुर्चीत बसल्या होत्या, घराला कुलूप लावून, किल्ली कनवटीला खोचून. आम्ही तिघींनी रीतसर बोटं दाखवली. रेश्मा सगळ्यांत शेवटी स्कूटरवरून धापा टाकत आली आणि तिने थेट खुर्चीचा पाय धरला.

"आधी बोट दाखव."

"काकू, खराडीला केवढी रांग होती! म्हटलं, आधी तुम्हाला पोचवू. माझं काय, राहिलं तर राहिलं."

"वा. माझं एक मत घालायचं आणि तुझं एक बुडवायचं. ही कुठली बेरीज? खाली ठेव खुर्ची."

"अहो, अजून उचललीच नाहीये!"

"मग बरंच झालं. जा."

मी चौथ्या बाजूला शेजारचं कुणीतरी बघते म्हणाले, तर सुट्टी साधून निम्मी पेठ महाबळेश्वरला गेलेली. आणि काकूही हटून बसल्या. "तिची बाजू तीच धरेल. मी थांबते." रेश्मा डोळे पुसत खराडीला गेली. ऊन भिंतीवर चढत गेलं. मी सरकार, जिने आणि महाबळेश्वर यांच्यावर तावातावाने बोलत होते. काकू म्हणाल्या, "भाषण पुरे. दम राखून ठेव, मी जड आहे." बोलल्या खऱ्या, पण त्यांचा हात सारखा कनवटीच्या किल्लीवर जात होता.

वेळ संपत आली तेव्हा स्कूटरचा हॉर्न ऐकू आला. रेश्माने एका हाताने हँडल धरलं होतं आणि दुसऱ्या हाताचं बोट उभं केलं होतं. आम्ही खुर्ची उचलून अक्षरशः पळालो. फाटक लावायला शिपाई उठलाच होता, त्याच्या अंगावरूनच आत शिरलो. जिन्यात काकूंचं चालूच, "हळू गं, वरात नाही ही!"

त्या बाहेर आल्यावर रेश्मा म्हणाली, "काकू, आधी बोट दाखवा." जन्मभर दुसऱ्यांची बोटं तपासणाऱ्या काकू एकदम लाजल्या. बोट पुढे केलं, आणि तिने हात लावायच्या आत मागे घेतलं. "थांब, वाळू दे." घरी आल्यावर कनवटीची किल्ली काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली. "आज कुलूप तू काढ."

ते त्यांचं शेवटचं मत. आता त्या खोल्यांत कॉम्प्युटरचे क्लास चालतात. मतदानाच्या दिवशी क्लासलाही सुट्टी असते. मत देऊन परतताना मी काकूंच्या घराच्या जिन्यापाशी थांबते, आजूबाजूला कुणी नाही असं बघते आणि दाराच्या कुलपाला बोट दाखवते.