ब्रेकसाहेबांच्या लेकीची मुलाखत

लायसन्सच्या ऑफिसात गाडी चालवण्याची परीक्षा घेणाऱ्या या गृहस्थांचं खरं नाव बहुधा फक्त पगाराच्या कागदावर असेल. बाकी सगळे त्यांना ब्रेकसाहेब म्हणतात. परीक्षेच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो त्यांनी दाबला की उमेदवार नापास. मग रडा, हसा, नाहीतर मोठ्या माणसाची ओळख सांगा, ब्रेकसाहेब खिडकीबाहेर बघत बसतात. नापास झालेले त्यांना लाखोली वाहतात. पास झालेले मात्र पुढे कित्येक वर्षं सांगत फिरतात, "मी ब्रेकसाहेबांच्या हातून पास झालोय बरं का!"

अशा या कडक माणसाच्या घरी त्यांची एकुलती एक लेक खारू युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला होती. लहानपणी खारीसारखी एका जागी ठरायची नाही म्हणून खारू, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. एके दिवशी तिने जाहीर केलं, "बाबा, मला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय."

"म्हणजे गोदामात?" ब्रेकसाहेबांनी विचारलं.

खारूने कपाळावर हात मारला. मग समजावून सांगितलं, की मोबाइलमधलं एखादं अ‍ॅप कुणासाठी बनवायचं, त्यात काय ठेवायचं, काय गाळायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर. त्याला स्वतःला अ‍ॅप बनवावं लागत नाही, पण बनवणाऱ्यांना पटवावं लागतं. "म्हणजे तुझ्या आईसारखं," ब्रेकसाहेब म्हणाले. "स्वतः उठायचं नाही आणि मला कामाला लावायचं." आई नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून येऊन पाय वर घेऊन बसली होती. तिने नुसतं बघितलं, आणि साहेब उठून चहा टाकायला गेले.

या नोकरीच्या मुलाखतीही जगावेगळ्या. शिकलेलं काही विचारत नाहीत. शहरात वर्षाला किती छत्र्या हरवत असतील, असलं काहीतरी विचारतात आणि उत्तरापेक्षा तुम्ही विचार कसा करता ते बघतात. त्यामुळे विचारही मोठ्याने करायचा. खारूला तशी सवयच लागली. आईने भाजी आणायला सांगितली, तरी ही दारात उभी राहून विचारायची, "भाजी कुणासाठी? गरज नेमकी काय आहे?" आई म्हणायची, "गरज अशी आहे की तू घराबाहेर जा."

सरावासाठी समोर कुणीतरी मुलाखत घेणारा हवा होता. मैत्रिणी आपापल्या तयारीत बुडालेल्या. मग परीक्षा घेण्यात ज्यांची हयात गेली तेच पुढे आले. ब्रेकसाहेबांनी हे काम इतकं मनावर घेतलं, की रविवारीसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून ते जेवणाच्या टेबलाशी बसायचे, घसा खाकरायचे आणि पोटच्या पोरीला म्हणायचे, "या. बसा. काय नाव आपलं?" खारूला हसू फुटलं की म्हणायचे, "हसलात. एक मार्क गेला."

प्रश्नांचा गठ्ठा एका सीनियर मुलीने पाठवला होता. त्यात एक प्रश्न होता: ऐकू न येणाऱ्या माणसासाठी टॅक्सीचं अ‍ॅप कसं कराल? खारूने लगेच उलट विचारलं, "ऐकू न येणारा माणूस मागे बसलाय, की गाडी चालवतोय?"

ब्रेकसाहेब खुर्चीतून उठलेच. उभा जन्म गाड्यांमध्ये काढलेला माणूस, पण हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुढे तिने दोघांचाही विचार करून असं झकास उत्तर बांधलं, की साहेबांनी तिला ते आईसमोर म्हणायला लावलं, मग शेजारच्या काकूंसमोर, मग फोनवरून आत्यासमोर. गाणं म्हणून दाखवायला लावतात ना पाहुण्यांसमोर, तसं. उत्तर अगदी तोंडपाठ झालं. वर साहेबांनी एक युक्तीही शिकवली. "हा प्रश्न आलाच, तर लगेच सुटू नकोस. आधी छताकडे बघायचं. 'हं' म्हणायचं. जरा कपाळाला आठी. आत्ताच सुचतंय असं वाटलं पाहिजे." आणि त्या आठीचीही त्यांनी रंगीत तालीम घेतली.

अर्ज खारूने ढीगभर केले होते. बहुतेक कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही, काहींनी गोड शब्दांत वाटेला लावलं. मुलाखतीला बोलावलं ते एकाच कंपनीने. नोकऱ्यांचा हंगाम संपत आला होता, आणि ही हुकली तर मैत्रिणी कामाला लागतील आणि आपण घरी बसू, ही धास्ती खारूच्या चेहऱ्यावर दिसायची. धास्ती ब्रेकसाहेबांनाही होती, पण ते ती इस्त्रीच्या शर्टाखाली लपवायचे.

मुलाखत कॉम्प्युटरवरून होती, सकाळी, खारूच्या खोलीत. दार बंद. ब्रेकसाहेबांनी रजा टाकली होती, आणि तत्त्वांचा हा पुतळा त्या दिवशी दाराला कान लावून उभा होता. आई कुजबुजली, "अहो, लाज वाटू द्या जरा." आणि तीही शेजारी येऊन उभी राहिली.

आतून एका बाईंचा आवाज आला. नमस्कार झाले, ओळख झाली. मग बाई म्हणाल्या, "ज्याला ऐकू येत नाही अशा माणसासाठी टॅक्सीचं अ‍ॅप करायचंय. कशी सुरुवात कराल?"

ब्रेकसाहेबांनी हवेत मूठ उगारली. आईचा हात गच्च धरला. जिंकली पोरगी! आत शांतता पसरली. छताकडे बघतेय, त्यांनी ओळखलं. मग "हं" ऐकू आलं. शाबास! आता आठी. आता सुटेल बघा गाडी.

"मॅडम," खारू म्हणाली, "हा प्रश्न मी घरी केलाय. खूप वेळा. उत्तर मला पाठ आहे, ते सांगितलं तर मी विचार कसा करते ते तुम्हाला कळणारच नाही. दुसरा प्रश्न देता का?"

बाहेर ब्रेकसाहेबांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. पण इथे कुठली गाडी थांबायला!

बाईंनी दुसरा प्रश्न दिला: बागेत बाकावर एकट्याच बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी काहीतरी तयार करा. खारूने प्रश्न विचारले, चांगले विचारले, पण त्यातच अडकली. एकदा म्हणाली, त्यांना सोबत हवी असेल. मग म्हणाली, कदाचित त्यांना एकटंच बसायचं असेल. मग स्वतःचंच बोलणं खोडलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि नेमकं काय तयार करायचं हे सांगायच्या आतच वेळ संपली.

दार उघडलं तेव्हा ब्रेकसाहेब लाल झाले होते. "अगं, हातातोंडाशी आलेला घास! पाठ होतं ना सगळं? आठी घालून झाली होती ना?"

"सांगणार होते बाबा. खरंच. छताकडे बघितलंसुद्धा." खारूचे डोळे भरले. "पण त्या बाई इतक्या लक्ष देऊन बघत होत्या, की मी खरंच विचार करतेय असं त्यांना वाटलं. मला कसंतरीच झालं."

"कसंतरी! या कसंतरीचा पगार देतात का कुणी?"

तेव्हा आई म्हणाली, "अहो, तुमच्या त्या बड्या साहेबांचा भाचा आठवतो? रस्ता घोटून आला होता. कुठलं वळण, कुठला सिग्नल, सगळं पाठ. त्याला तुम्ही का नापास केलंत?"

ब्रेकसाहेबांना तो पक्का आठवत होता. त्या पोराला त्यांनी ऐनवेळी भलत्याच गल्लीत घातलं होतं, आणि गाडी थेट भिंतीकडे निघाली होती. घरी येऊन ते म्हणाले होते, की पाठ केलेल्या रस्त्यावर कुणीही गाडी चालवतं. त्यासाठी बड्या साहेबांचा रोषही त्यांनी पत्करला होता. आणि इथे स्वतःच्या लेकीला त्यांनी आठी घालायला शिकवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की ते करतात तेच त्यांनी केलं: चपला घातल्या आणि निघून गेले. परत आले ते खारूला आवडणारे पेरू घेऊन. "खा," एवढंच म्हणाले, आणि मीठ आणून दिलं.

आठवड्याभराने कंपनीचं पत्र आलं. छान बोललात, पण या वेळी घेता येत नाही. खारू उशीत डोकं घालून रडली, आणि खरं बोलल्याचं बक्षीस मिळतं वगैरे थापा कुणी मारायच्या नाहीत, असं तिने घरात बजावलं. कुणी मारल्याही नाहीत. ब्रेकसाहेब तिच्या उशाशी बसून राहिले. त्या पोरीला नापास होण्याची किती भीती वाटत होती हे त्यांनी रोज बघितलं होतं, आणि तरी तिने उघडलेलं दार स्वतःच्या हाताने लोटून दिलं होतं. तिचा पहिला नंबर आला तेव्हाही त्यांची छाती अशी भरून आली नव्हती. हे तिला सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि नेहमीसारखा नुसता घसा खाकरला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मात्र त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. शिपायाला सांगितलं, फोटो काढणाऱ्याला सांगितलं, कॅशियरबाईंना काम थांबवायला लावून सांगितलं. पुढे परीक्षेच्या गाडीत जाऊन बसले, तर उमेदवार मुलगा स्टिअरिंग घट्ट धरून घामाघूम झालेला. साहेबांना इतकं खुशीत पाहून त्याला धीर आला.

"साहेब, घरी काही चांगली बातमी?"

"माझ्या मुलीची मोठ्या कंपनीत मुलाखत झाली."

"अरे वा! अभिनंदन साहेब! कधीपासून जाणार कामाला?"

"छे, छे. घेतलं नाही तिला," ब्रेकसाहेब छाती फुगवून म्हणाले, आणि सीट मागे सरकवून ऐसपैस बसले. "का घेतलं नाही, ते विचार ना!"