भरतीचं चित्र

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाच नीट कळत नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेत शिकलो, नागपुरात मिहानजवळ एका खासगी कार्यालयात नकाशे काढायची नोकरी लागली. ज्या साहेबांनी ती दिली, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. समुद्र इथून कुठे? पण किनाऱ्यावरच्या प्रकल्पांचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून आम्हीच काढायचो.

शेजारच्या टेबलावर मधुरा. कोकणातली, खाडीकाठच्या गावची. पहिल्याच बैठकीत मी आमच्या विदर्भाच्या बोलीत म्हणालो, "सर, मी चेक करून राहिलो." ती सगळ्यांसमोर म्हणाली, "राहिलात ना? मग राहा तिथेच!" साहेबसुद्धा हसले. पुढे मी कायमचा 'राहिलोसाहेब'. मीही हसायचो — दुसरं काय करणार? पण आत साठत होतं.

एकदा डबा खाताना तीच सांगत होती. तिच्या वडिलांनी गावकऱ्यांना घेऊन कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, शेंगा खाडीच्या चिखलात रोवल्या होत्या. रोपं गुडघ्याएवढी झाली होती, भरतीला मात्र पार बुडायची.

मग त्याच खाडीवर जेट्टी ठरली, आणि नकाशा आला माझ्याकडे. किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम आधीच सैल झालेले. खारफुटीचा पट्टा मोठा दिसला, तरच ती जागा वाचणार होती. चित्र ओहोटीच्या वेळचं घ्यायचं, ही आमची रीत. माझ्याकडे दोन्ही होती. मी —

मी भरतीचं घेतलं. रोपं पाण्याखाली. उरली जुन्या झाडांची एक बारीक रेघ.

नकाशा पाहून मधुरा माझ्या टेबलाशी आली. "हे भरतीचं आहे. काहून केलं असं?" माझ्याच बोलीत विचारलं तिनं, आणि त्यात चेष्टा नव्हती. मी म्हणालो, "दिसलं ते काढलं, मॅडम." किती बरं वाटलं मला, सांगू? ती साहेबांकडे गेली. ते म्हणाले, "तो पोरगा सरळ आहे, असं करणारच नाही." महिनाअखेर तिनं नोकरी सोडली.

आता तिथे भराव पडलाय. ओहोटीच्या चित्रातही राखाडीच दिसतं.

तिच्या वडिलांना मी कधी पाहिलंही नाही. मधुराला दुखेल अशी एकच जागा मला ठाऊक होती. ती तिनंच विश्वासानं सांगितली होती, आणि मी नेमका तिथेच वार केला.