फाटकावरून पाहिलेलं कॉलेज

मंडळी, आज सकाळी आमच्या दौंडच्या घरात नातीसाठी पुण्यातलं कॉलेज बघायला जायचं ठरत होतं. मुलगा म्हणाला, "आधी मी आणि तिचे मामा बघून येतो. तिचं आत्ताच काय काम?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. मी शिरूरला मॅट्रिक झाले होते. तेव्हाही माझं कॉलेज बघायला वडील, चुलते आणि गावचे पाटील गेले. स्थळ बघायला जातात तसे, फेटे बांधून. मला कुणी चल म्हटलं नाही. दिवसभर मी दारात उभी.

संध्याकाळी वडील पाय धूत म्हणाले, "पोरींच्या बोर्डिंगची भिंत कमरेएवढी हाय. न्हाई जमायचं."

मी विचारलं, "आन् आप्पा, कॉलेज कसं हाय?"

ते दुसऱ्या पायावर पाणी ओतू लागले. "ते आत हुतं. आमी फाटकावरनंच माघारी आलो."

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

आज मुलाला एवढंच म्हटलं, "तू खुशाल फाटकाशी थांब. आत तिला जाऊ दे."

नात म्हणाली, "आजी, तूपण चल की आत."

ऐंशी ओलांडलेल्या बाईला फाटकावर कुणी अडवत तर नाही ना हो?