सुभेदारकाकांचं पिस्तूल

मेलेल्या पिस्तुलाच्या तोंडासमोरूनसुद्धा सुभेदारकाका कधी गेले नाहीत. ते टेबलावर असलं आणि किटली पलीकडे असली, तर सबंध टेबलाला वळसा घालून जायचे. गुडघे दुखायचे, एका हाताने खुर्च्यांच्या पाठी धरत जायचे, पण वळसा घालायचेच. वास्तविक त्या पिस्तुलाची नळी आतून बुजवलेली होती, चक्र वेल्डिंग करून घट्ट बसवलेलं होतं आणि घोडा ओढला तर तुमचंच बोट दुखलं असतं. "काका, ह्यातून आता पाणीसुद्धा उडायचं नाही," मी एकदा म्हणालो. काका म्हणाले, "ते त्याला ठाऊक आहे का? हत्याराशी हत्यारासारखं वागावं, दत्तू. म्हातारं झालं म्हणून त्याचा पाणउतारा करू नये."

काका स्वतः कधी सुभेदार नव्हते. जन्मभर लंडनजवळ क्रॉयडनला एका चष्म्याच्या दुकानात त्यांनी लोकांचे डोळे तपासले. सुभेदार होते त्यांचे पणजोबा, मुंबईच्या पलटणीतले, पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेलेले. मूळ गाव रेवदंड्याजवळ. जातीने बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, देवळात हिब्रू आणि शनिवारी काम, गाडी, फोन सगळं बंद. पणजोबांची गोष्ट काका इतक्यांदा सांगायचे की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी त्यांना सुभेदारकाका म्हटलं आणि तेच चिकटलं. गणपतीला ते न चुकता यायचे. आरतीला मागे उभे राहायचे, प्रसादाला पुढे.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती स्टेशनाजवळच्या टपरीवजा दुकानात. तिथे मी बूट शिवतो आणि किल्ल्या पाडतो. माझी बायको संगीता नर्स आहे. तिच्या व्हिसावर मी इथे आलो. गावाकडे, कागलला, आमचं चपलांचं काम. आठवीतून वडिलांनी मला शाळेतून काढून पाटावर बसवलं, त्यामुळे चामडं कापायची रापी आणि टोचायची आरी माझ्या हातात बसली, इंग्रजी काही बसलं नाही. एकदा आरी बोटात गेली आणि तोंडातून मराठीत जे निघायचं ते निघालं. काउंटरपलीकडचे म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वा. चाळीस वर्षांत इतकी अस्सल शिवी ऐकली नव्हती. कुठले तुम्ही?"

त्या दिवसापासून दर बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायला लागलो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मिल्टन कीन्सला, आयटीत. नातवंडांना मराठीतलं "चल" आणि "जेव" एवढंच कळायचं. काका मला 'लाइफ इन द यूके'चं पुस्तक शिकवायचे. पाच वर्षं पुरी झाली की कायमचं राहण्याचा अर्ज करायचा आणि त्याआधी ही परीक्षा पास व्हायची. मला त्या परीक्षेची इतकी धास्ती होती की कामावर जाताना ते मोठं व्हिसा ऑफिस आलं की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचो. काका हसायचे. "अरे, ती बिल्डिंग आहे. चावत नाही." मग कोणत्या राजाने किती बायका केल्या ते माझ्याकडून घोकून घ्यायचे. चुकलं की म्हणायचे, "परत. घाई कुणाला आहे?" मला अख्ख्या आयुष्यात कुणी "परत" इतकं प्रेमाने म्हटलं नव्हतं. शाळेत त्या शब्दामागून छडी यायची.

ऐंशीव्या वाढदिवसाच्या चार महिने आधी त्यांनी ते पिस्तूल घेतलं. पॉइंट फोर फाइव्ह फाइव्ह बोअरचं लष्करी रिव्हॉल्वर, शंभर वर्षांपूर्वीचं, हातात धरलं तर लोखंडी खलबत्त्याएवढं जड. सोबत निकामी केल्याचं सर्टिफिकेट. इथे त्या कागदाशिवाय ते घरात ठेवणं गुन्हा. पणजोबांचा एकच फोटो उरला होता. त्यात त्यांच्या कमरेला असंच पिस्तूल, झाकणाचं होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं चामडी म्यान, गळ्यातून आलेली दोरी आणि पट्ट्यावर काडतुसांचा छोटा बटवा. काकांना ते सगळं तसंच हवं होतं, आणि चामड्याचं काम माझ्या हातचं. वाढदिवसाला घरी मलिदा करायचा, म्हणजे पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा नैवेद्य दाखवून देवाचे आभार मानायचे, आणि मग नातवंडांच्या हातात ते द्यायचं. "त्यांना मराठी देऊ शकलो नाही," म्हणाले. "निदान ह्याचं वजन देतो."

बुधवारच्या अभ्यासात मग पिस्तूल शिरलं. राजेराण्या अर्धा तास, पिस्तूल दोन तास. काका डोळ्यांच्या डॉक्टरचं भिंग फोटोवर धरायचे आणि मला टाके मोजायला लावायचे. एका इंचात आठ. मी म्हटलं, "आठ? एवढं बारीक कुणाला दिसतंय?" काका म्हणाले, "मला. मी जन्मभर बारीकच बघितलंय." एका जुन्या माहितीपुस्तकातलं इंग्रजी मला मोठ्याने वाचायला लावायचे. मुठीच्या खालची कडी कशासाठी असते? तर घोड्यावरून पडलं तरी पिस्तूल दोरीला लटकून राहावं म्हणून. झाकण एवढं मोठं का? तर वाळू आत जाऊ नये म्हणून. पितळी बटण त्यांनी रविवारच्या बाजारातून शोधून आणलं, रात्रभर लिंबात बुडवलं आणि मला दाखवताना लहान मुलासारखी मूठ हळूच उघडली. दोन सुयांचा टाका मी वडिलांकडून शिकलो होतो. तो घालताना काका समोर बसून बघत राहायचे आणि म्हणायचे, "तू अडाणी नाहीस रे. तुझं शिक्षण बोटांत गेलंय."

शिवण झाल्यावर शेवटचं काम राहतं. चामडं भिजवायचं, पिस्तूल आत घालायचं आणि बोटांनी दाबून दाबून त्याचा आकार चामड्यावर उठवायचा. मग ते तसंच दोन दिवस सावलीत सुकू द्यायचं. वाढदिवस रविवारी होता. शुक्रवारी दुपारी काकांनी पिस्तूल माझ्या पिशवीत ठेवलं, वर सर्टिफिकेट ठेवलं. "उद्या शनिवार. माझा फोन बंद. हा कागद ह्याच्यापासून लांब ठेवायचा नाही. कुणी विचारलं तर कागद पुढे करायचा. बाकी बोलायचं नाही." मी हो म्हणालो. घरी आल्यावर इतका महत्त्वाचा कागद कुठे ठेवायचा, म्हणून तो आमच्या फाइलमध्ये ठेवला. आमचे पासपोर्ट, व्हिसाचे कागद, संगीताची पगारपत्रकं, सगळं त्या एका निळ्या फाइलमध्ये असतं.

शनिवारी सकाळी चामडं अजून ओलं होतं. घरात हीटिंग बंद, भिंतींना ओल. आणि बाहेर, ह्या देशात महिन्यातून एकदा पडतं तसं लख्ख ऊन. सावलीत सुकवायचं, हे मला वडिलांनी हाताला फटका मारून शिकवलेलं. पण रविवार डोक्यावर होता. मी आमच्या मजल्यावरच्या सामाईक गॅलरीत जुनी चादर अंथरली आणि पापड घालावेत तसं ते होल्स्टर, आत पिस्तूल, झाकण उघडं, उन्हात वाळत घातलं. आणि आत जाऊन कुकर लावला.

तिसऱ्या शिट्टीच्या आधी पोलीस आले. बंदुका घेऊन. शेजारच्या कुणीतरी फोन केला असणार; त्यांना दोष कसा देऊ? मला गॅलरीत पालथं झोपवलं. त्यांतल्या एकाने पिस्तूल उचलून बघितलं, वेल्डिंग बघितलं आणि आवाज जरा खाली आला. मला उठवून स्वयंपाकघरात बसवलं. कुणाचं आहे? ह्याचा काही कागद आहे का?

कागद माझ्यापासून चार पावलांवर, कपाटात होता. पण तो काढायचा तर निळी फाइल उघडावी लागणार. ती उघडली की आमचे पासपोर्ट त्यांच्यासमोर येणार, नावं लिहून घेतली जाणार, ती नावं त्या मोठ्या बिल्डिंगमध्ये जाणार. अर्जाला सात आठवडे राहिले होते. मी म्हणालो, "नो पेपर. नॉट माइन. ओल्ड मॅन गिव्ह मी. आय ओन्ली लेदर." काकांचा पत्ता विचारला, तो मात्र बिनचूक सांगितला. पिस्तूल आणि होल्स्टर घेऊन ते गेल्यावर मी काकांना फोन लावला. वाजत राहिला. शनिवारी ते फोनला हात लावत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी अकरा वेळा लावला.

संगीता चार वाजता ड्युटीवरून आली. मी सगळं सांगितलं. तिने कपाट उघडलं, फाइलमधून तो कागद काढला आणि म्हणाली, "चप्पल घाल." ट्रॅममध्ये एकदाच बोलली, "दत्ता, त्यांना गाडीत घालून नेलं असेल रे. आज शनिवार." मला तोवर ते सुचलंच नव्हतं. बायको आजारी असतानासुद्धा शनिवारी चार मैल चालत हॉस्पिटलात जाणारा तो माणूस.

चौकीतल्या सार्जंटने कागद बघितला आणि भुवया चढवल्या. म्हणाला, ते म्हातारे सकाळपासून सांगताहेत की कागद होता, पण त्यांच्याकडूनच कुठेतरी हरवला. कुणाकडे दिला का, हे पुन्हा पुन्हा विचारलं. नाही म्हणाले. जो माणूस चामडं शिवतोय त्याला ह्यातलं काही माहीत नाही, असंही म्हणाले.

म्हणजे मी कागद नाही म्हणालो, हे त्यांना कळलं होतं. आणि कागद दत्तूकडे आहे, एवढं एक वाक्य बोलले असते तर दहा मिनिटांत सुटले असते. पण मग पोलिसांशी खोटं बोलणारा मी ठरलो असतो. ऐंशीला एक दिवस कमी असलेला तो माणूस त्या वाक्याभोवती वळसा घालून दिवसभर बाकावर बसून राहिला.

ते बाहेर आले तेव्हा अंधारायला लागलं होतं. बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या, त्या एका पारदर्शक पिशवीत हातात. मी खाली बसलो आणि नाड्या ओवायला पिशवी मागितली. म्हटलं, "काका, मी..." ते म्हणाले, "लीव्ह इट, प्लीज." इतक्या वर्षांत ते माझ्याशी इंग्रजीत बोललेले हे पहिले शब्द.

रविवारी मलिदा झाला नाही. काकांच्या मुलाने येऊन पोलिसांना सही दिली की ते पिस्तूल नष्ट करा, आम्हाला नको. होल्स्टरही पिस्तुलाबरोबर गेलं. उन्हाने ते तडकलं होतं म्हणे. सोमवारी माझ्या दुकानावर परीक्षेचं पुस्तक आलं, प्रत्येक धड्याला पेन्सिलीच्या खुणा करून. चिठ्ठी इंग्रजीत: पान अमुक ते अमुक नीट बघ, प्रश्न तिथूनच येतात. तिथूनच आले. मी पास झालो. अर्जही मंजूर झाला. कुठेही माझं नाव कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. पेढे घेऊन गेलो तर काकांनी दारातच घेतले. "कॉंग्रॅच्युलेशन्स. व्हेरी वेल डन." रागावलेले नव्हते. रागावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. ह्या देशात अनोळखी माणसाशी जितकं चांगलं बोलतात, तितकं चांगलं ते माझ्याशी बोलत होते. बुधवार मग आपोआप बंद झाले. दुकानाशी मात्र येत राहिले. टाच बसवून घ्यायचे, थँक यू म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. त्या शनिवारनंतर त्याने माझ्याशी शब्द काढला नव्हता. म्हणाला, डॅड हॉस्पिटलात आहेत, दोन दिवस झाले फक्त मराठीत बोलताहेत, आम्हाला कुणालाच कळत नाही. येशील का?

मी दुकान बंद करून गेलो. काका डोळे मिटून पुटपुटत होते. मुलगा मोबाइल घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला, मी सांगेन ते टिपून घ्यायला. "बंब पेटवला का गं? शुक्रवार आहे. सगळ्यांच्या अंघोळी व्हायच्यात." मी सांगितलं, पाणी तापलं का विचारताहेत, त्यांच्या आईशी बोलताहेत. त्याने ते टाइप केलं आणि डोळे पुसले. मग म्हणाला, विचार ना त्यांना, कुठे दुखतंय का.

मी वाकलो. "काका, कुठं दुखतंय का?"

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला ओळखलं, हे मला दिसलं.

"नो पेन," ते म्हणाले. "थँक यू फॉर कमिंग. यू मस्ट बी बिझी." आणि पुन्हा डोळे मिटले.

मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा चेहरा उजळला होता. "इंग्लिशमध्ये बोलले," तो म्हणाला. "दोन दिवसांत पहिल्यांदा. म्हणजे सुधारताहेत, नाही का?"

मी हो म्हणालो.